कंसाबाहेरची सबब

नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या कोर्टात काही वकिलांपुरता एक अलिखित नियम होता. मसुद्यात एखाद्या शब्दाभोवती चौकोनी कंस दिसला की तो शब्द पक्क्या प्रतीत गाळायचा. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात हा नियम सापडणार नाही. तो माझ्या सीनियरांनी घालून दिला होता. लिहिलेला शब्द खोडणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. खोडला की गेला, आणि उद्या तोच हवासा वाटला तर काय करायचं, अशी त्यांना धास्ती. म्हणून ते खोडण्याऐवजी पेनाने चौकोनी कंस घालून ठेवत. प्रत निघेपर्यंत मन बदललं तर कंसावर फुली मारत, नाही बदललं तर टायपिस्टने तेवढं सोडून पुढे जायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्ही सगळ्यांनी ही खोड जशीच्या तशी उचलली.

कोर्टाच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक शेड होती. तिथे ओळीने टायपिस्ट बसत. शेवटच्या टेबलावरचे काका माझी सगळी कामं करत. काका मनमाडचे. वडील रेल्वेत होते, हे मात्र टायपिंगची परीक्षा देऊन कोर्टाकडे वळले आणि वीस वर्षं रोज गाडीने जा-ये करत होते. सकाळी येऊन मशीनवरचं रेक्झिनचं कव्हर काढायचं, घडी घालून मांडीखाली घ्यायचं, आणि संध्याकाळच्या गाडीच्या हिशेबाने बरोबर साडेचारला ते परत चढवायचं. त्यानंतर साक्षात न्यायाधीश आले तरी काका एक अक्षर उमटवत नसत. बोलणं कमी, स्पेलिंग पक्कं. माझं हस्ताक्षर मला स्वतःला वाचता येत नसे, ते काकांना यायचं.

मी जमिनीच्या कज्ज्यांची वकील. बांध, वहिवाट, पाटाच्या पाण्याची पाळी, विहिरीतला हिस्सा. सिन्नर, निफाडकडची माणसं माझ्याकडे येत आणि मी त्यांच्यावर ओरडते हे माहीत असूनही परत येत. राग माझ्या नाकावर असे. आता वयाने तो थोडा खाली उतरलाय, पण तेव्हा त्याचं मला काहीसं कौतुकच होतं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवसांत सायखेड्याचा एक शेतकरी माझ्याकडे होता. गोदावरीने काठ बदलला आणि त्याच्या शेताची एक पट्टी नदीत गेली. शेजारी म्हणायला लागला की आता हद्दच उरली नाही, तर तुझा हक्क कसला. माझा अशील शांतपणे म्हणाला, "जमीन नदीनं नेली वकीलबाई, पन सातबारा कुठं नेलाय? माझं नाव हाय ना त्याच्यावर?" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते माझ्या मैत्रिणीला पत्रात लिहून पाठवलं.

ही मैत्रीण माझ्याबरोबर पुण्याला लॉ कॉलेजात होती. लग्नानंतर युरोपात गेली आणि तिथे एका लहानशा संस्थेत लागली. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींमध्ये बसणाऱ्या छोट्या देशांना विनामूल्य कायदेशीर सल्ला द्यायचा, हे त्या संस्थेचं काम. मोठे देश वकिलांची फौज घेऊन येतात; छोट्या देशाकडून एखाद-दुसरं माणूस येतं आणि त्यालाच एका वेळी चार खोल्यांत बसायचं असतं. अशा माणसाच्या वतीने कोणीतरी मसुद्याचा शब्दन् शब्द वाचून 'या ओळीत तुम्ही अडकाल' असं सांगावं लागतं. मैत्रिणीने लिहिलं, "तुझ्या सायखेड्याच्या माणसाचं वाक्य मी इथे सगळ्यांना सांगितलं. जमीन पाण्यात गेल्यावर हक्काचं काय होतं, हे तू रोज बघतेस. आमचे मसुदे वाचशील का? पैसे नाहीत, आभार भरपूर."

मी सीनियरांना सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हवामानाची केस? मग प्रतिवादी कोण, पाऊस?" बाररूममध्ये हा विनोद बरेच दिवस पुरला. येता-जाता कोणीतरी विचारायचं, "काय मॅडम, समन्स बजावलं का ढगांना?" मी त्यांना तिथल्या तिथे उत्तरं द्यायची आणि वर घरी येऊन धुमसायची. खरं तर मलाही तेव्हा हवामान म्हणजे रेडिओवर बातम्यांनंतर सांगतात ते, एवढंच ठाऊक होतं. पण कलमं वाचणं हे माझं काम होतं आणि नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

पहिला मसुदा फॅक्सने आला. सीबीएसच्या बस स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर तो गुळगुळीत कागद भेंडोळं होऊन बाहेर येत राहिला. घरी नेऊन उलगडला आणि पाहते तर जिकडे तिकडे चौकोनी कंस. ओळीत कंस, कंसात कंस, कुठे अख्खा परिच्छेद कंसात. मला वाटलं, वा, बरीच साफसफाई झालेली दिसते. दोन दिवस खपून मी कंसाबाहेर जे उरलं होतं त्यावर सल्ला लिहून पाठवला. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती हसून हसून बोलूच शकत नव्हती. वाटाघाटींच्या मसुद्यात चौकोनी कंसाचा अर्थ वेगळाच असतो. ज्या शब्दावर अजून एकमत झालेलं नाही, तो कंसात. कोणी नवा शब्द सुचवला, तोही कंसात. म्हणजे सगळं भांडण, सगळी आशा, सगळं महत्त्वाचं कंसाच्या आत, आणि मी ते केराच्या टोपलीत टाकून बाकीच्यावर अक्कल पाजळली होती. ही फजिती मी नाशिकमध्ये कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर पुढचं घडलं नसतं.

काही महिन्यांनी मैत्रिणीने मला एका बाईशी जोडून दिलं. त्या एका बेटाच्या देशाच्या प्रतिनिधी होत्या. आमचं बोलणं फोनवर, इंग्रजीत, तेही दोघींच्या आपापल्या इंग्रजीत. पहिल्याच फोनवर त्यांनी मला बेटाची सगळी हकीकत सांगितली. तिथे गोडं पाणी म्हणजे विहिरींचं. वाळूखाली साठलेला पावसाच्या पाण्याचा एक पातळ थर. समुद्र चढतो तसा त्या थरात खारेपणा शिरतो. त्यांच्या आईच्या विहिरीचं पाणी आता चहालाही चालत नव्हतं. आई गाव सोडायला तयार नव्हती. त्या दर बैठकीहून परतल्या की गावातली वडीलधारी माणसं विचारत, "कागदावर काय आणलंस?" दोनदा त्यांनी जे आणलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता, की श्रीमंत देश मदत करण्याचा विचार करतील.

"या वेळी मला एक वाक्य हवंय," त्या म्हणाल्या. "ज्यांची भूमी समुद्रामुळे धोक्यात आहे त्यांना विकसित देश मदत करतील. करतील. करू शकतील नाही, विचार करतील नाही. रिकाम्या हातांनी परत गेले तर आमचं सरकार पुढच्या वेळी मला पाठवणारही नाही. मग त्या खोलीत आमची खुर्चीच रिकामी राहील."

मी म्हटलं, "'करतील' गेलं तर तुमच्या हातात फक्त विनंतीअर्ज राहतो."

"म्हणूनच तुम्हाला फोन केलाय."

त्या दिवसापासून ते वाक्य माझं झालं. भाजी चिरताना, एसटीच्या खिडकीत, उलटतपासणी चालू असताना, सारखं डोक्यात 'करतील'.

तो दिवस मला लख्ख आठवतो. बैठकीच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं की त्यांच्या दुपारच्या सत्राआधी लेखी सूचना आली तरच ती मसुद्यात धरली जाईल. बेटाच्या बाईंकडे टाइप करायला ना वेळ होता ना माणूस. मी मसुद्याचा तो भाग घेतला, त्यात आमचं वाक्य सगळ्या कारणमीमांसेसकट घातलं आणि वाटाघाटींच्या रीतीप्रमाणे त्याला चौकोनी कंस केला. पाच पानं. सकाळी काकांच्या टेबलावर ठेवली, वर फॅक्सचा नंबर लिहिला आणि म्हटलं, "काका, आधी हे. लय अर्जंट." सायखेड्याच्या केसची तारीख होती, म्हणून मी कोर्टात पळाले.

तीनच्या सुमारास बाहेर आले तर काका चक्क हसत होते. काका हसले म्हणजे काहीतरी विशेष. "वकीलबाई, तुम्ही येईपर्यंत कशाला थांबायचं म्हणून मीच बूथवर जाऊन पाठवला. पाच पानांचं दीड पान झालं. एकदम सुबक."

मी आमच्याकडे राहिलेली स्थळप्रत ओढून घेतली. एका ठिकाणी नुसतं 'सर्व पक्ष, आणि, योग्य त्या, यांच्या अनुषंगाने' एवढंच उरलं होतं. क्रियापदाचा पत्ता नाही. आमचं वाक्य तर कुठेच नव्हतं, कारण ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कंसात होतं.

"काका, हे काय केलंत?"

"कंसातलं गाळलं," ते म्हणाले. "नेहमीसारखं."

मी त्यांना भर शेडमध्ये जे बोलले ते इथे लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हटलं, "वीस वर्षं नुसती बोटं चालवलीत. डोकं काय मनमाडला ठेवून येता?" शेजारची मशीन्स थांबली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मांडीखालचं कव्हर काढून मशीनवर चढवायला घेतलं. साडेचार वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

मी बूथकडे धावले. युरोपात, बैठकीच्या ठिकाणी, दुपारची मधली सुट्टी होत आली असेल असा अंदाज करून बाईंच्या मुक्कामी फोन लावला, तिथून बैठकीच्या इमारतीत, तिथून कोणाच्या तरी टेबलावर, आणि बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. मी भडाभडा माफी मागायला लागले. टायपिस्टची चूक झाली, आमच्याकडे कंसाचा अर्थ वेगळा आहे, पान फाडून टाका.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे पान कोणी तयार केलं? मी जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्यांदा वाचतेय. आम्ही इतकी वर्षं फक्त कंस वाचतोय हो. कंसाबाहेर काय आहे, हे कोणी बघितलंच नव्हतं. दुसरा परिच्छेद बघा."

मी स्थळप्रत डोळ्यांसमोर धरली. दुसरा परिच्छेद अख्खा होता. लहान बेटं आणि सखल किनारे असलेले देश वाढत्या समुद्रपातळीमुळे विशेष धोक्यात आहेत आणि त्यांना साहाय्याची गरज आहे, हे सर्व पक्ष मान्य करतात. असं काहीसं ते वाक्य होतं; पक्ष म्हणजे वाटाघाटींना बसलेले सगळे देश. एकही कंस नाही. पुढच्या पानांवर मारामाऱ्या करण्याच्या नादात या वाक्याला कंस घालायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मान्य करतात! मी एकदम बूथमध्येच ओरडले, "कबुली आहे ही!" बाहेर रांगेत उभा असलेला माणूस दचकला. दिवाणी कोर्टात पहिल्या वर्षी आम्ही शिकतो, प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, हातात आली की आधी त्याने काय नाकारलंय ते बघू नका, काय कबूल केलंय ते बघा. कबूल केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. मी त्यांना सांगितलं, "तुमचं वाक्य एकटं उभं करू नका. एकटं दिसलं की ते तोडतील. या कबुलीला जोडून उभं करा. मग त्यांना 'करतील' काढायचं असेल तर आधी स्वतःची कबुली मागे घ्यावी लागेल, आणि भर सभेत ते कोण करणार?"

 मग त्या म्हणाल्या, "सत्राला अडीच तास आहेत. लिहून पाठवा."

मी शेडमध्ये परत आले तेव्हा चार वाजत आले होते. काका डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी अशिलांच्या बाकड्यावर बसले. माफी मागायची मला सवय नव्हती, त्यामुळे शब्द कसेबसे आले. "काका, चुकलं माझं. पहिल्यांदा तो मसुदा आला तेव्हा मीही दोन दिवस तेच केलं होतं. कंसातलं सगळं गाळलं होतं. लाज वाटली म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला तरी सांगायला हवं होतं."

काकांनी पिशवी खाली ठेवली, कव्हर काढलं, त्याची नीट घडी घातली, मांडीखाली घेतली आणि कागद चढवला. मी कबुलीचं वाक्य सांगितलं. ते उमटलं. मग 'करतील'चं वाक्य सांगायला गेले आणि दोघांच्या मधल्या जोडावर अडकले. 'या पार्श्वभूमीवर' म्हटलं तर पार्श्वभूमी मागेच राहते. 'यास अनुसरून' म्हटलं तर अनुसरायचं की नाही हा वाद. इंग्रजीत चार तऱ्हा करून पाहिल्या, प्रत्येकीत एक पळवाट. काकांची बोटं मशीनवर थांबलेली होती आणि घड्याळ साडेचारकडे चाललं होतं.

"वकीलबाई," काका पहिल्यांदाच बोलले, समोरच्या कागदाकडे बघत, "दाव्यात काय लिहितो आपण? हकीकत संपली की सबब."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमच्या मराठी दाव्यांत शेवटी हा शब्द असतोच. सगळी हकीकत सांगून झाली की नवीन ओळीवर 'सबब, विनंती की'. सबब म्हणजे म्हणून. म्हणून, आणि दुसरं काही नाही. घरात मात्र हाच शब्द आपण उलट्या कामाला लावतो, सबबी सांगू नकोस म्हणून पोरांना रागावतो. त्या मसुद्यात इतकी वर्षं सबबी भरलेल्या होत्या, पण सबब नव्हती. इंग्रजी दाव्यात तिथे आम्ही 'देअरफोर' लिहीत असू. मी सांगायच्या आत काकांनी तो शब्द उमटवलासुद्धा.

आता राहिला कंस. आमचं वाक्य नवं होतं, त्यामुळे त्याला चौकोनी कंस हवाच होता. तेव्हा कळलं की काकांच्या मशीनला चौकोनी कंसाची कळच नाही. वीस वर्षांत ती लागली नव्हती, कारण तो कंस टाइप करायचा कधी नव्हताच. काकांनी खिशातून पेन काढलं, पट्टी घेतली आणि प्रत्येक कंस सरळ रेघांनी हाताने काढला.

"म्हणजे हे गाळायचं नाही?" त्यांनी खात्री करून घेतली.

"नाही काका. हे भांडून ठेवायचं."

बूथवर आम्ही दोघं गेलो. फॅक्स पूर्ण गेल्याची चिठ्ठी बाहेर आली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि काकांची गाडी सुटल्यात जमा होती. मी ओशाळून म्हटलं, "तुमची गाडी गेली." ते म्हणाले, "आज एसटीने." मग आम्ही सीबीएससमोर उभं राहून चहा प्यालो आणि मी त्यांना बेटाबद्दल, विहिरीबद्दल, बाईंच्या आईबद्दल सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "म्हातारीला दुसरं पाणी कुठलं मग?" 

दुसऱ्या दिवशी फॅक्स आला. वाक्य मसुद्यात घेतलं गेलं होतं. सबब कंसात, आणि आतल्या बाजूला 'करतील'ला स्वतःचा वेगळा कंस, त्याच्या शेजारी कोणीतरी 'करू शकतील' आणून बसवलेलं. माझं तोंड उतरलं. पण खाली बाईंनी हाताने लिहिलं होतं, "कंसात आहे, म्हणजे खोलीत आहे. सरकारने मला पुढच्या वेळी पाठवायचं कबूल केलंय." ते वाचून माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर वर्षं गेली. मसुदे येत राहिले, मी वाचत राहिले. बाररूममधले विनोद जुने होऊन गळून पडले, आणि ज्यांनी ढगांना समन्स काढलं होतं त्यांतले दोघं-तिघं कधीकधी एखादं पान वाचून द्यायला लागले. सायखेड्याच्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर टिकलं. फॅक्सचे गुळगुळीत कागद कपाटात पिवळे पडले, त्यांवरची अक्षरं उडाली. त्यातली बरीच भांडणं आता वाचताही येत नाहीत. फॅक्स गेले, ई-मेल आले. कॉलेज रोडवर सायबर कॅफे निघाले आणि मी तिथे कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत बसून मसुदे छापून घ्यायला लागले. शेडमध्येही कॉम्प्युटर आला. काकांनी वर्षभर त्याच्याशी अबोला धरला, मग एके दिवशी मला मुद्दाम बोलावून कीबोर्डवर बोट ठेवून दाखवलं, "यात चौकोनी कंस आहे बघा."

दर बैठकीनंतर त्यांचा प्रश्न ठरलेला. "आपला कंस निघाला का?"

"नाही काका."

"बरं," म्हणायचे आणि कामाला लागायचे. मध्ये एकदा सबब कंसाबाहेर आली, तेव्हा मी पेढे नेले. काकांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "क्रियापद राहिलं ना अजून." मला राग आला होता. पण बरोबर तेच होतं.

दोन हजार सालानंतरही काही वर्षं गेली, आणि एका दुपारी सायबर कॅफेत मी एका निर्णयाचा मजकूर उघडला. आधी सवयीने कंस शोधले. सापडले नाहीत. मग वाक्य शोधलं. कबुली होती. सबब होती. देश मदत करतील, असं होतं. मी पुन्हा वरपासून वाचलं. डोळे भरून आले आणि शेजारचा पोरगा माझ्याकडे बघायला लागला, म्हणून उठले आणि पान छापून घेतलं.

त्याच्याबरोबर बाईंचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की आईच्या विहिरीचं पाणी काही गोड होणार नाही. पण गावातल्या छपरांवरचं पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांचं काम मंजूर झालंय आणि पहिली टाकी आईच्या घराशेजारीच बसणार आहे. या वेळी गावातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी कागद उघडून ते एक क्रियापद बोटाने दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "ज्यांनी ते दीड पान टाइप केलं त्यांना हे सांगा. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही."

मी तशीच रिक्षाने कोर्टात गेले. काका कव्हर घालायच्या बेतात होते. मी पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे वाचलं.

"कंस कुठायत?"

"गेले."

"आणि आतलं?"

"आतलं राहिलं, काका."

मग मी त्यांना बाईंच्या पत्रातला शेवटचा भाग वाचून दाखवला. टाकी म्हातारीच्या घराशेजारी बसणार हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, जणू त्या प्रश्नाचं उत्तर ते इतकी वर्षं माझ्याकडे मागत होते.  

"इतकी वर्षं कंसातलं गाळत आलो वकीलबाई," ते म्हणाले. "नुसता कंस गाळता येतो, हे आज बघितलं."

त्यांनी पानाची एक झेरॉक्स मागून घेतली आणि टेबलाच्या काचेखाली, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी नीट सरकवली. मशीनला कव्हर घातलं, पिशवी उचलली. साडेचार वाजले होते, आणि त्या दिवशी त्यांना गाडी मिळाली.